अप्पांच्या तेलाचा डाग

१

आमच्या घरात रविवार उजाडायचा तो अप्पांच्या गुडघ्यांनी. अंघोळीआधी ते हॉलमधल्या आपल्या खुर्चीत बसायचे, लेंगा वर सरकवायचे आणि वाटीतलं कोमट तेल गुडघ्यांना चोळत चोळत भजन म्हणायचे. आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा लिफ्टमध्ये मला हळूच विचारलं होतं, तुमच्याकडे कुणाला काही लागलंय का? तेलाला लसणीचा, ओव्याचा आणि गावाहून येणाऱ्या कुठल्याशा पाल्याचा वास. गुडघ्यांवरून ते पोटऱ्यांवर यायचं, पोटऱ्यांवरून टाचेवर, आणि तिथून गालिच्यावर.

गालिचा अप्पांचाच. आम्ही राहतो त्या कोलशेतच्याच एका कंपनीत त्यांनी जन्म काढला. तिथल्या साहेबाच्या केबिनमध्ये गालिचा होता आणि आत जायचं तर बूट बाहेर काढावे लागत. रिटायर झाल्यावर अप्पांनी पहिलं काम काय केलं, तर ठाण्यातल्या एका प्रदर्शनातून गालिचा आणला. साहेबाचा हिरवा होता म्हणून आपला मरून. सासूबाई होत्या तेव्हा. त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नातला शालू घेताना एवढी निवड केली नव्हतीत."

मी ऐश्वर्या, अप्पांची सून. ठाण्याच्या कोर्टात स्टेनो आहे. साक्षीदार शपथेवर काय काय सांगतात ते दिवसभर टाइप करते, त्यामुळे कुणाच्याही डोळ्यांवर, माझ्या स्वतःच्यासुद्धा, माझा पटकन विश्वास बसत नाही. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. लग्न होऊन या घरात आले तेव्हा नवऱ्यापेक्षा सासऱ्यांशी माझी आधी गट्टी जमली. सुशांत अजून चिडवतो की हिने लग्न अप्पांकडे बघून केलं. त्यात फारसं खोटं नाही.

म्हणून तो डाग मी कधी रागावून घासला नाही. कुरकुरत घासला, एवढंच.

२

डागाचं हे सगळं निघालं हेमांगीताईंमुळे. हेमांगीताई म्हणजे माझी नणंद, डोंबिवलीला मानपाड्याला राहतात. गेल्या पावसाळ्यात अप्पांची छाती भरली आणि चार दिवस हॉस्पिटलात काढावे लागले, तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला होता की अप्पांना माझ्याकडे पाठवा. पाहुणे म्हणून नव्हे, कायमचे.

"हा गालिचा बघ," त्या मागच्या खेपेला आल्या तेव्हा म्हणाल्या. वाकून त्यांनी डागावर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. "तेल, वर धूळ, खाली ओल. अप्पांच्या छातीला हेच बाधतंय. माझ्याकडे साधी लादी आहे, दोनदा पुसते. तू बाई कोर्टात जाणार की हे बघत बसणार?"

त्या वाईट असत्या तर सोपं होतं. त्या वाईट नाहीत. अप्पांवर त्यांचा माझ्याइतकाच जीव आहे, आणि पोटची लेक म्हणून माझ्यापेक्षा हक्क जास्त. माझ्याकडे अप्पांना ठेवून घेण्यासारखं एकच कारण होतं, की मला ते हवे होते. हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आम्ही अप्पांनाच विचारलं. "तुम्हीच सांगा, कुठे राहायचं तुम्हाला?"

अप्पांनी आधी लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला जरा बाथरूमला जायचं होतं," म्हणाले आणि उठून गेले ते आमचा चहा होईपर्यंत बाहेर आलेच नाहीत.

शेवटी ताईंनीच ठरवलं. "येत्या रविवारी येते. हा डाग तेव्हाही असला ना, तर अप्पांची बॅग भरून ठेवायची. चालेल?"

सुशांत तोंडातली बिस्किटं चावत राहिला. मी म्हटलं, चालेल.

३

डाग काढण्यात मी स्वतःला कमी समजत नाही. हळदीला ऊन दाखवायचं, रक्ताला गरम पाणी चुकूनही लावायचं नाही, आणि तेलाला भांड्यांचा साबण कोमट पाण्यात फेसाळून, कडेकडून मधे टिपत जायचं. घासायचं नाही, टिपायचं. मी जुने पंचे फाडून बसले. अप्पा खुर्चीत पाय वर घेऊन बसले आणि सूचना द्यायला लागले.

"डावीकडे राहिलं गो."

"अप्पा, डाग तुमचा, कंबर माझी. गप्प बसा."

"मी काय म्हणतो, तेलच बंद करू का?"

"मग गुडघ्यांना काय माझा साबण लावणार?"

संध्याकाळी डाग गेलेला होता. सकाळी परत आला. त्यात नवल काही नाही. गालिच्याच्या तळात मुरलेलं तेल वरचं वाळलं की धाग्यांतून पुन्हा वर चढतं. मी सोडा टाकला, व्हिनेगर मारलं. गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना बघितलं तर हजर.

पण खुर्चीपाशी नव्हता. खुर्चीपासून पाऊलभर पुढे, दाराच्या बाजूला होता.

मी पर्स खांद्याला लावून तशीच उभी राहिले. गालिचा सरकला असेल, दुसरं काय. पण सोफ्याच्या पायाने गालिच्यात खळगा पडलाय आणि पाय त्या खळग्यातच होता. म्हणजे गालिचा जागचा हलला नव्हता. मग काल मी पाण्याने डाग पुढे ढकलला असेल. होतं तसं कधी कधी.

खाली बसून हात लावला. कोमट होता. हॉलमध्ये सकाळी ऊन येत नाही.

"अप्पा," मी ओरडले, "तेलाच्या पायांनी फिरता का हो घरभर?"

अप्पा आतून पेपर घेऊन आले. "मी? मी पाय पुसल्याशिवाय खुर्ची सोडतो का कधी?"

हे खरं होतं. त्यांचा जुना नॅपकिन खुर्चीच्या हातावर वाळत होता. आणि एरवी अधल्यामधल्या वारीही लावायचे ते तेल त्या आठवड्यात त्यांनी लावलंही नव्हतं. माझी कंबर वाचावी म्हणून.

४

माझ्या ऑफिसातल्या एकीने उपाय सांगितला. साबण, पाणी सगळं बंद. कॉर्नफ्लोअर जाडसर पसरायचं, रात्रभर ठेवायचं, ते तेल शोषून घेतं, सकाळी झटकायचं. घरात कॉर्नफ्लोअर संपलेलं. घावन्यांसाठी दळून आणलेलं तांदळाचं पीठ होतं. पीठ ते पीठ, म्हणून मी तेच डागावर चाळणीने पसरलं. छान पांढरी गादी झाली. कुणी त्यात पाय देऊ नये म्हणून कांद्यांची बांबूची टोपली रिकामी केली आणि वर पालथी घातली. अप्पा रात्री उठतात, अंधारात टोपलीला अडखळून पडतील, म्हणून लाइट गेल्यावर लावायचा चार्जिंगचा दिवा शेजारी ठेवला, मंद करून. सगळं आपण किती विचारपूर्वक केलंय, असं मनाशी म्हणत झोपायला गेले.

सकाळी चहाचं आधण ठेवून बाहेर आले तर अप्पा टोपलीसमोर उभे होते. हात मागे बांधलेले. माझी चाहूल लागली तरी वळले नाहीत.

"ऐश्वर्या," ते म्हणाले, "हे कुणासाठी मांडलंस गो?"

पहिल्यांदा मला प्रश्नच कळला नाही. मग कळला आणि माझ्या हातातली गाळणी खाली पडली.

आमच्याकडे, कोकणातल्या घरांत, माणूस जिथे गेला त्या जागी दिवा लावतात. दिव्याजवळ तांदळाचं पीठ पसरतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघतात, पिठात कसलं पाऊल उमटलंय. पक्ष्याचं, गाईचं, लहान मुलाचं. त्यावरून गेलेला माणूस कुठे गेला ते समजायचं. सासूबाई गेल्या तेव्हा ह्याच हॉलमध्ये सगळं केलं होतं. मी तेव्हा आलेल्या माणसांच्या चहात गुंतले होते. चिमणीची पावलं उमटली म्हणे. त्यानंतर कित्येक दिवस अप्पा खिडकीत तांदळाचे दाणे टाकायचे आणि एखादी चिमणी आली की मला हाक मारायचे, "अगो, ही बघ, तुझी सासू."

आणि मी तेच, दिव्यासकट, जित्या माणसाच्या डागावर मांडून ठेवलं होतं.

"अप्पा, मी तेलासाठी... खरंच, तेल निघावं म्हणून..."

"अगो, रडतेस काय? मी आहे ना इथे." त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. हात नेहमीचा, जड आणि खरखरीत. "उचल आता. पीठ झाडायचं तर आहेच."

मी टोपली उचलली.

पिठात एक पाऊल होतं. पक्ष्याचं नव्हे, माणसाचं. उजवं, अनवाणी, चार बोटांचं. करंगळीच्या जागी पीठ सपाट होतं. अप्पांची उजवी करंगळी कंपनीत ड्रम पडून गेली, त्याला कितीतरी वर्षं झाली. पावलाचं तोंड दाराकडे होतं. आजूबाजूच्या गालिच्यावर पिठाचा कणसुद्धा नव्हता.

सुशांत दात घासत बाहेर आला, त्याने बघितलं आणि निकाल दिला. "अप्पा, रात्री उठलात, टोपली बाजूला केलीत, पाय दिलात, परत ठेवलीत. झोपेत होतात." त्याचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. मी अप्पांना खुर्चीत बसवून त्यांचा तळवा बघितला. स्वच्छ होता. धुतला असेल, सुशांत म्हणाला.

अप्पांनी पाऊल पिठाशेजारी धरलं. अगदी बरोब्बर बसत होतं. त्यांनी पाय मागे घेतला. मग हसले.

"चिमणी नाही, कावळा नाही. माणूसच, आणि तोही मीच. फुकटचा प्रवास झाला की."

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "अप्पा, असलं बोलायचं नाही!"

५

त्या दिवसापासून डाग परत आला नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. अप्पा म्हणाले, गुडघे आता दुखत नाहीत. तेलाची वाटी ओट्यावर कोरडी पडून राहिली. अप्पांचं जेवण एकदम नीटनेटकं झालं. पूर्वी आमटीचा एखादा ओघळ सदऱ्यावर यायचाच, आता नाही. सुशांत खूश. "बघ, हेमांगीताईच्या धाकाने सुधारले."

मी मात्र त्यांचे सदरे धुवायला घेतले आणि हातात तशीच धरून बसले. कॉलरला मळ नव्हता. बगलेत घामाची रेघ नव्हती. वासही नव्हता, ना तेलाचा, ना तंबाखूचा, ना अप्पांचा. घडी मोडली होती म्हणून घातलेले म्हणायचे. माझ्यातल्या स्टेनोने लगेच हरकत घेतली: थंडी पडायला लागलीय, म्हातारं माणूस घरातच बसून असतं, घाम येईल कुठून? मी ती हरकत मान्य केली. सदरे मात्र साबणात घातले नाहीत, तसेच घडी करून कपाटात ठेवले. मला ते धुवायचे नव्हते.

अप्पा बोलत होते, हसत होते, मला चिडवत होते. रात्रीच्या जेवणानंतर आम्ही दोघं नेहमीसारखे पत्ते खेळलो आणि ते नेहमीसारखे लबाडी करून जिंकले. ते अप्पाच होते. याबद्दल मला कुणी पिंजऱ्यात उभं करून विचारलं असतं तर मी शपथेवर हो म्हटलं असतं.

रविवार उजाडला. हेमांगीताई येणार म्हणून मी गालिचा झाडला, मग ओल्या ब्रशने त्याची लव सगळी एका दिशेला बसवली. असं केलं की गालिचा नव्यासारखा दिसतो. फक्त चाललं की पाय उठतात, दाबलेली लव गडद दिसते. सुशांत मासे आणायला निघाला तो नेमका मधूनच गेला. त्याचे पाय बेडरूमपासून दारापर्यंत ढळढळीत उठले. मी वैतागून पुन्हा ब्रश घेतला.

तेवढ्यात अप्पा आतून आले. पेपर हातात, चष्मा कपाळावर. गालिच्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि खुर्चीत बसले.

"झकास झाला गो. साहेबाचासुद्धा असा नव्हता."

मी त्यांच्या मागे गालिच्याकडे बघत होते. लव जशी बसवली होती तशीच होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ, न मोडलेली. मी माझा पाय त्यावर ठेवला, उचलला. माझा उठला.

म्हातारी माणसं हलकी होतात, मी स्वतःला सांगितलं. पावसाळ्यानंतर अप्पांचं वजन उतरलंच आहे.

६

फोन वाजला. हेमांगीताई.

"ऐश्वर्या! काय डोकं आहे की नाही तुम्हा दोघांना?" त्या रागावल्या होत्या, पण रागाच्या खाली आनंद मावत नव्हता. "मी निघतच होते, दार उघडते तर अप्पा समोर! एकट्याला कसं सोडलंत? विचारलं तर म्हणतात, चालत आलो. कोलशेतहून मानपाड्याला कुणी चालत येतं का? थट्टा करतायत नुसती."

समोर अप्पांनी पेपरचं पान उलटलं.

"ताई," मी म्हटलं. "ताई, कोण आलंय?"

"अगं, अप्पा! ऐकू येत नाही का? दमलेत बिचारे. आल्या आल्या आधी गुडघे चोळायला तेल मागितलं. पण पाय बघ ना कसले करून आलेत, सगळी लादी तेलकट केलीन. आता मी तुला काही बोलायची नाही बाई, तुझा गालिचा बरा होता. थांब, दाखवते."

फोनवर चित्र आलं. ताईंच्या पांढऱ्या लादीवर दारापासून आतपर्यंत पिवळट, ओली पावलं. फोन हलला. खुर्चीचे पाय दिसले, लेंग्याची मळकी कड दिसली आणि खाली दोन पाय, धुळीने काळे, तेलाने चमकणारे. उजव्याची करंगळी नव्हती. ताईंचा फोन वर चेहऱ्याकडे जाणार तेवढ्यात मी माझा पालथा केला. मला वरचं बघायचं नव्हतं.

"अप्पा, ऐश्वर्याशी बोला," पालथ्या फोनातून ताईंचा आवाज आला. मग खोकला. तो कफाचा, छातीत घरघरणारा खोकला मी ओळखत होते. मग अप्पांचा आवाज.

"काय गो. आता भांडू नका हां दोघी."

मी फोन बंद केला.

हॉलमध्ये पंखा फिरत होता, त्याच्याखाली पेपरची कड फडफडत होती. अप्पांनी पेपर खाली केला. त्यांचा चेहरा तोच, माझ्यावर माया करणारा, थोडा मिश्कील.

"हेमांगीचा ना? पोचलो का मी?"

दार उघडून पळावं असं पायांना वाटत होतं. पण ते विचारत होते आणि त्यांनी विचारलेल्याला उत्तर न देता मी या घरात कधी निघून गेले नव्हते.

"पोचलात," मी म्हटलं.

"बरं झालं. पोरीचा फार जीव आहे." त्यांनी पेपरची घडी घातली. "आता चहा टाक की वाईच."

मी चहा केला. कप काठोकाठ भरला, मुद्दाम. बशीत ओतताना अप्पांचा हात नेहमी कापायचा, निम्मा चहा गालिच्यावर जायचा. त्यांनी कप घेतला, बशीत ओतला, फुरके मारत प्यायले. एक थेंब सांडला नाही.

मी त्यांच्या पायांशी गालिच्यावर बसले. मला भीती वाटत होती आणि तरी त्यांच्यापासून लांब बसवत नव्हतं. मला तो डाग हवा होता. लसणीचा वास हवा होता, आमटीचे ओघळ, खोकला, सगळं मला परत हवं होतं.

"अप्पा," मी म्हटलं, "सांडा ना थोडा."

अप्पा हसले. "कशाला गो? पुन्हा घासत बसशील."

आणि त्यांनी वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला. समोरच्या टीव्हीच्या काळ्या काचेत तो मला ठेवलेला दिसत होता. केसांना मात्र हाताचं वजन कळत नव्हतं. सुशांत मासे घेऊन येईपर्यंत मी मान न हलवता तशीच बसून राहिले.